औषधबदलाचा संधिकाल : स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाची औषधे बदलताना वैद्याचे व औषधविक्रेत्याचे कर्तव्य

सन २०११ च्या पावसाळ्यात माझ्या चिकित्सालयात सव्वीस वर्षांचा एक तरुण आईवडिलांसह आला. चार वर्षांपासून त्याला स्किझोफ्रेनिया होता. मनोविकारतज्ज्ञांच्या उपचारांनी कानी येणारे आवाज थांबले होते आणि तो वडिलांच्या दुकानात बसू लागला होता. मात्र वजन एकवीस किलोंनी वाढले होते. म्हणून तज्ज्ञांनी ओलान्झापिन हळूहळू कमी करीत अरिपिप्राझोल सुरू केले होते. बदलाचा तिसरा आठवडा चालू होता. रात्री झोप नव्हती. तो घरभर येरझारा घालीत होता. त्याला एका जागी दोन मिनिटेही बसवत नव्हते. आईने विचारले, "वैद्यबुवा, ही नवी गोळी त्याला उष्ण तर पडली नाही ना?" मी नाडी पाहिली, जिह्वा पाहिली, पित्तप्रकोप ठरविला आणि नवी गोळी काही दिवस थांबविण्यास सांगितले. जुनी गोळी कितपत शिल्लक आहे, हे मी विचारले नाही. तज्ज्ञांना दूरध्वनीही केला नाही.

जुनी गोळी दोनच दिवसांपूर्वी पूर्ण बंद झालेली होती. म्हणजे माझ्या सल्ल्याने त्या मुलाच्या पोटात एकही औषध उरले नाही. अकराव्या दिवशी तो घरातून निघून गेला आणि पुढे चार दिवसांनी मनमाड स्थानकावर सापडला. आवाज परतले होते, वडिलांनाही तो ओळख देईना. सावरण्यास त्याला दीड वर्ष लागले आणि दुकानात तो पुन्हा पूर्वीसारखा बसू शकला नाही.

त्याची ती अस्वस्थता पित्ताची नव्हती. नव्या औषधाचा तो एक परिचित व उपाययोग्य परिणाम होता. एका दूरध्वनीने काम भागले असते. या चुकीनंतर जे शिकलो, ते वैद्यबंधुभगिनींपुढे व औषधविक्रेत्यांपुढे ठेवण्यासाठी हा लेखप्रपंच.

औषध का बदलले जाते?

सन २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार स्किझोफ्रेनिया व तत्सम विकारांचे आयुष्यभरातील प्रमाण सुमारे १.४ टक्के आहे. म्हणजे तालुक्याच्या गावी चिकित्सा करणाऱ्या प्रत्येक वैद्याच्या परिसरात असे रुग्ण आहेतच. चरकाचार्यांनी उन्मादाच्या वर्णनात मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा व आचार या आठांचा विभ्रम सांगितला आहे. स्किझोफ्रेनिया म्हणजे शब्दशः उन्माद असे समीकरण मांडणे धाडसाचे ठरेल. पण या रुग्णांत या आठांपैकी बहुतेकांचा विभ्रम दिसतो, हे अनुभवी वैद्य जाणतात.

सन १९५२ मध्ये पॅरिस येथे देले व देनिकेर यांनी क्लोरप्रोमाझिनचा उपयोग केला आणि या व्याधीच्या उपचारास नवी दिशा मिळाली. पुढे हॅलोपेरिडॉल, क्लोझापिन, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन, अरिपिप्राझोल अशी औषधे आली. मेंदूतील डोपामिन या द्रव्याच्या कार्यावर परिणाम करणे हा या सर्वांतील समान धागा. उपद्रव मात्र प्रत्येकाचे वेगळे. हॅलोपेरिडॉलने शरीर ताठरते, हात थरथरतात. ओलान्झापिनने वजन व रक्तशर्करा वाढते. रिस्पेरिडोनने प्रोलॅक्टिन वाढून स्त्रियांची पाळी थांबते. उपद्रव असह्य झाले, गुण पुरेसा आला नाही, गर्भधारणेचा विचार आला, खर्च झेपेना किंवा शासकीय रुग्णालयात नेहमीचे औषध संपले, तर औषध बदलावे लागते. हा बदल पुष्कळदा रुग्णाच्या हिताचाच असतो. म्हणून "चांगले चाललेले बिघडविले" अशी शेरेबाजी वैद्याने करू नये.

ऋतुसंधीचे सूत्र

वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या ऋतुचर्याध्यायात सरत्या ऋतूचे अखेरचे सात व येत्या ऋतूचे पहिले सात दिवस हा ऋतुसंधी मानला आहे. या काळात मागचा विधी क्रमाने सोडावा व पुढचा क्रमाने स्वीकारावा. एकाएकी सोडल्याने वा धरल्याने असात्म्यज रोग होतात, असे त्यांचे सांगणे आहे. चरकाचार्यांनीही सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात अंगवळणी पडलेले अहितकर सोडताना पादांशिक क्रम उपदेशिला आहे.

आधुनिक मनोविकारतज्ज्ञ औषध बदलताना बहुधा हेच करतात. जुन्याची मात्रा टप्प्याटप्प्याने उतरते, नव्याची चढते आणि मधले काही आठवडे दोन्ही औषधे एकत्र चालतात. पुष्कळदा नवे औषध पूर्ण मात्रेस पोहोचेपर्यंत जुने तसेच ठेवतात व मगच उतरवू लागतात. काही प्रसंगी, उदाहरणार्थ गंभीर उपद्रव झाल्यास, जुने त्वरित बंद करावे लागते. कोणता मार्ग घ्यावयाचा हा निर्णय तज्ज्ञांचा. आपण तीन गोष्टी समजून घ्याव्यात.

पहिली, मात्रा व परिणाम यांचे नाते सरळ रेषेतले नाही. मात्रा मोठी असताना थोडी घट फारशी जाणवत नाही. तीच घट अखेरच्या अल्प मात्रेत मोठी ठरते. म्हणून "आता अर्धीच गोळी राहिली आहे, ती सोडली तर काय बिघडते?" या प्रश्नाचे उत्तर "बरेच बिघडू शकते" असे आहे.

दुसरी, नवे औषध सुरू होणे व त्याचा गुण येणे यांत अंतर असते. अरिपिप्राझोलची रक्तातील पातळी स्थिर होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. याउलट महिन्या-पंधरवड्याने दिल्या जाणाऱ्या दीर्घकाल इंजेक्शनाचा अंश शेवटच्या सुईनंतरही कित्येक आठवडे शरीरात राहतो. "इंजेक्शन बंद करून महिना झाला, काहीच झाले नाही" हा दिलासा म्हणूनच फसवा असतो.

तिसरी, औषध सोडण्याचा धोका मोजला गेलेला आहे. सन २०१२ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पासष्ट चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात, सुमारे वर्षभरात औषध चालू असलेल्यांपैकी २७ टक्के, तर औषध काढून निर्गुण गोळी दिलेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांत व्याधी उलटला. सन २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत तज्ज्ञांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू कमी केली होती. तरीही दोन वर्षांत गंभीर पुनरुद्भव २५ टक्के रुग्णांत झाला. औषध तसेच चालू ठेवलेल्यांत तो १३ टक्के होता. देखरेखीत हे घडते, तर देखरेखीविना काय घडेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

तीन प्रकारच्या तक्रारी

संधिकालात रुग्ण आपल्याकडे येतो तेव्हा त्याच्या तक्रारींचे मूळ तीनपैकी एका ठिकाणी असते.

१) जुन्याचे जाणे : ओलान्झापिन, क्वेटियापिन वा क्लोझापिन झपाट्याने उतरविल्यास काही दिवसांतच मळमळ, वांती, घाम, निद्रानाश व बेचैनी उद्भवते. क्वचित ओठ, जीभ वा हातापायांच्या अनैच्छिक हालचाली दिसू लागतात. हे अजीर्ण नव्हे.

२) नव्याचे येणे : यातील सर्वांत फसवा उपद्रव म्हणजे अकॅथिसिया. रुग्णास आतून असह्य तगमग होते, पाय स्वस्थ राहत नाहीत, बसल्यास उठावेसे व उठल्यास चालावेसे वाटते. पाहणाऱ्यास हा वेडाचा झटका भासतो. माझ्या त्या रुग्णास नेमके हेच झाले होते. मात्रा कमी करून वा दुसरे औषध जोडून तज्ज्ञ हे शमवू शकतात. दुर्लक्ष झाल्यास त्या तगमगीपायी रुग्ण आत्मघाताकडेही वळू शकतो. दुसरा उपद्रव तीव्र आक्षेपाचा : मान एका बाजूस वळून ताठरणे, डोळे वर फिरून तेथेच अडकणे, जबडा आवळणे. खेड्यांत हे पाहून बाहेरची बाधा झाली म्हणून अंगारा लावला जातो. रुग्णालयात एका इंजेक्शनाने ते बहुधा थोड्याच वेळात सुटते. तिसरा उपद्रव उठून उभे राहताच भोवळ येण्याचा, रक्तदाब उतरल्याचा.

३) व्याधीचे परतणे : हे बहुधा आठवड्यांनी वा महिन्यांनी, चोरपावलांनी होते. प्रत्येक रुग्णाची परतीची वाट त्याची स्वतःची असते व ती घरच्यांना पाठ असते. कोणी स्नान टाळू लागतो, कोणी जेवण्याआधी ताट हुंगतो, कोणी खिडक्या लावून घेतो. "मागच्या वेळी आजार वाढण्यापूर्वी पहिल्यांदा काय बदलले होते?" हा प्रश्न बदलाच्या आरंभीच विचारून उत्तर लिहून ठेवावे.

निद्रानाश व अस्वस्थता तिन्ही प्रकारांत आढळतात. म्हणून केवळ त्यांवरून, नाडीपरीक्षा कितीही सूक्ष्म असली तरी, मूळ ठरविता येत नाही. कोणते औषध कोणत्या दिनांकास किती उतरले व कोणते किती चढले, हा आलेख पाहिल्याखेरीज मत देऊ नये आणि तो आलेख ज्यांनी आखला त्यांना विचारल्याविना गोळी थांबवू नये.

पुढील लक्षणे दिसल्यास क्षणभरही न थांबता रुग्णास मोठ्या रुग्णालयात पाठवावे : तीव्र ज्वरासह शरीर लाकडासारखे ताठरणे, घाम व भान हरपणे, क्लोझापिन घेणाऱ्यास ज्वर वा घसादुखी, क्लोझापिनवरच पोट फुगून दुखणे व मलप्रवृत्ती पूर्ण थांबणे, आत्मघाताची भाषा. पहिल्या लक्षणसमूहास सन्निपातज्वर समजून काढे देत बसणे प्राणघातक ठरेल. आत्मघाताविषयी रुग्णास सरळ, शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट बोलता आल्याने भार हलका होतो.

आपली औषधे : कोठे थांबावे?

आपल्या औषधांना परिणाम आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. मग त्यांना परस्परक्रियाही असणारच, हेही मानले पाहिजे.

सर्पगंधा : सन १९३१ मध्ये कोलकात्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाबवृद्धी यांवरील तिचा उपयोग प्रसिद्ध केला. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांचा रक्तदाबावरील निबंध १९४९ चा. सन १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे केले गेले. हा इतिहास गौरवाचा आहे. पण रिसर्पिन मेंदूतील डोपामिनचा साठाच रिता करते. अँटिसायकोटिक औषधावर सर्पगंधा दिल्यास कंप, ताठरता, रक्तदाबाची घसरण व विषाद वाढण्याचा धोका आहे. औषधबदलाच्या काळात निद्रेसाठी सर्पगंधाघन वटी देऊ नये.

कपिकच्छू : कवचबीजांत लेवोडोपा असते व शरीरात त्याचेच डोपामिन बनते. म्हणजे तज्ज्ञ जे दार लोटून घेत आहेत, ते आपण उघडतो. त्याने भ्रम व भास उफाळू शकतात. अनेक बल्य व वाजीकर योगांत कवचबीज असते. अशक्तपणासाठी पाक वा चूर्ण देण्यापूर्वी घटकांची यादी वाचावी.

गुग्गुळ : वजन वाढले म्हणून मेदोहर गुग्गुळ देण्याचा मोह होतो. गुग्गुळापासून केलेल्या औषधाने डिल्टियाझेम व प्रोप्रॅनोलॉल यांची रक्तातील पातळी घटते, असे मानवी अभ्यासात दिसले आहे. डिल्टियाझेम व क्वेटियापिन यांचे पचन यकृतातील एकाच विकराने होत असल्याने येथे सावधगिरी हवी. उलट पिप्पली-मरिचातील पिपेरिन काही औषधांची पातळी वाढविते. म्हणून त्रिकटुयुक्त योग दीर्घकाल देऊ नयेत.

यष्टिमधु : मोठ्या मात्रेत दीर्घकाल दिल्यास रक्तातील पोटॅशियम घटते. हृदयगतीवर परिणाम करणाऱ्या अँटिसायकोटिक औषधांबरोबर हे धोक्याचे आहे.

आसवारिष्टे व निद्राकर द्रव्ये : सारस्वतारिष्ट, अश्वगंधारिष्ट आदींत स्वयंजनित मद्यार्क असतो. जटामांसी, तगर यांनी गुंगी वाढू शकते. अश्वगंधेविषयी आशादायक माहिती आहे. सन २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहासष्ट रुग्णांच्या एका अमेरिकन चाचणीत चालू औषधांस अश्वगंधेच्या अर्काची जोड दिल्याने काही लक्षणांत सुधारणा आढळली. पण ती जोड होती, पर्याय नव्हे. आणि यकृतविकाराच्या नोंदीही झालेल्या आहेत. ती द्यावयाची तर तज्ज्ञांना कळवून व बदल पूर्ण स्थिरावल्यावरच.

शोधन व लंघन : वमन-विरेचनाने गिळलेली गोळी शोषली न जाता बाहेर पडू शकते व शरीरातील क्षार घटतात. सोबत लिथियम चालू असल्यास जलक्षयाने त्याची विषबाधा संभवते. या औषधांनी शरीराचे तापनियमनही दुर्बल होते, म्हणून तीव्र स्वेदन टाळावे. उपवासाचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. लुरासिडोन किमान ३५० कॅलरींच्या आहारासह घ्यावे लागते. रिकाम्या पोटी त्याचे शोषण फार घटते. झिप्रासिडोनचेही तसेच. श्रावणातील सोमवार वा एकादशी आली की गोळी "घेतलेली" असते, पण लागू पडलेली नसते. अशा रुग्णास उपवासाची सूट आपण वैद्यांनी दिली, तर कुटुंब ती मानते.

सन २००७ च्या कॉक्रेन परीक्षणात या व्याधीवरील आयुर्वेदीय चिकित्सेच्या केवळ तीन लहान चाचण्या आढळल्या. तेवढ्या पुराव्यावर आपली औषधे अँटिसायकोटिकची जागा घेऊ शकतात, असे आज म्हणता येत नाही. हे मान्य करण्यात शास्त्राचा अवमान नाही.

मग आपण काय करावे?

करण्याजोगे पुष्कळ आहे. तज्ज्ञांकडे रुग्ण महिन्यातून एकदा दहा मिनिटे जातो. आपल्याकडे तो आठवड्याला येऊ शकतो. बदलाच्या आरंभी वजन, कंबरेचा घेर व रक्तदाब नोंदवावा. रक्तशर्करा व मेद यांची तपासणी झाली आहे का ते पाहावे. झोपण्या-उठण्याची वेळ, सकाळचे ऊन, सौम्य व्यायाम, वेळेवर ताजे जेवण ही दिनचर्या आपण जितक्या अधिकाराने सांगू, तितक्या अधिकाराने अन्य कोणी सांगणार नाही. कोमट तेलाचा पादाभ्यंग व शिरोऽभ्यंग निरुपद्रवी असून झोपेस साह्य करतो. लठ्ठ रुग्णास मात्र अभ्यंतर स्नेहपान, मग ते कल्याणकघृताचे का असेना, विचारपूर्वकच द्यावे.

मलावरोधाकडे विशेष लक्ष द्यावे. क्लोझापिनने आतड्यांची गतीच मंदावते व दुर्लक्षित मलावरोधाने मृत्यूही ओढवले आहेत. येथे इसबगोलासारखे फुगणारे द्रव्य योग्य नव्हे. गती देणारे सौम्य सारक, पुरेसे पाणी व तज्ज्ञांना सूचना हा क्रम ठेवावा. क्लोझापिनच्या रुग्णाने ठरलेल्या रक्ततपासण्या चुकविल्या नाहीत ना, हेही विचारावे. त्याच्या गोळ्या दोन दिवसांहून अधिक चुकल्या असल्यास पूर्वीच्या मात्रेने परस्पर सुरू करू नयेत. ते औषध पुन्हा अल्प मात्रेपासून चढवावे लागते.

बिडी-सिगारेटची चौकशी अवश्य करावी. धुरातील द्रव्यांनी यकृतातील एक विकर चेतते व क्लोझापिन आणि ओलान्झापिन लवकर निघून जातात. रुग्णाने एकाएकी बिडी सोडली तर त्यांची पातळी चढून गुंगी व अन्य उपद्रव वाढतात. हा परिणाम धुराचा आहे, तंबाखूच्या निकोटिनाचा नव्हे. मिश्री वा खाण्याच्या तंबाखूने तो होत नाही. बिडी सोडवावी जरूर, पण तज्ज्ञांना कळवून.

रजोरोधासाठी येणाऱ्या स्त्रीस रजःप्रवर्तनी देण्यापूर्वी ती कोणती गोळी घेते, ते विचारावे. रिस्पेरिडोन बदलल्यावर पाळी पूर्ववत होऊ शकते व तिच्याबरोबर गर्भधारणेची शक्यताही परतते. हे त्या दांपत्यास आधी सांगणे आपले काम आहे.

औषधविक्रेत्यांस विनंती

अँटिसायकोटिक औषधे अनुसूची 'एच' मधील असून चिठ्ठीविना विक्रीस मनाई आहे. पण संधिकालात खरा घोटाळा चिठ्ठी असूनही होतो. घरात जुनी व नवी अशा दोन चिठ्ठ्या असतात; भाऊ जुनी घेऊन येतो, आई नवी. परिणामी दोन्ही औषधे पूर्ण मात्रेने चालू होतात. म्हणून चिठ्ठीचा दिनांक पाहावा आणि नवे औषध देताना "जुने किती दिवस व किती घ्यायचे आहे?" हे विचारावे. उत्तर न आल्यास तज्ज्ञांकडून खात्री करून घेण्यास सांगावे.

रिकामी पट्टी दाखवून "हीच द्या" म्हणणाऱ्यासही हेच लागू. पट्टी कापून देताना औषधाचे नाव व मुदत दिसेल असाच तुकडा द्यावा. क्वेटियापिनची साधी व दीर्घकाल विरघळणारी गोळी एकमेकींच्या जागी देऊ नये. दीर्घकाल गोळी तोडूही नये. रिस्पेरिडोन व रोपिनिरोल या नावांच्या साधर्म्याने झालेल्या चुकांविषयी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये इशारा दिला होता. दुसरे औषध कंपवाताचे असून त्याचे कार्य नेमके उलट आहे. आपल्याकडे रिस्पेरिडोन व ट्रायहेक्सिफेनिडिल यांच्या संयुक्त गोळ्याही मिळतात. ती गोळी थांबली की दोन औषधे एकदम थांबतात. ताठरतेवरील ट्रायहेक्सिफेनिडिल जुन्या औषधानंतरही काही काळ चालू ठेवावे लागू शकते. "ही साधी गोळी आहे, नसली तरी चालेल" असे दुकानात सांगू नये. आणि साठा संपत आला असेल, तर तो संपण्याआधी कुटुंबास सांगणे हे मोठे पुण्यकर्म आहे.

उपस्थाता आणि आतुर

चिकित्सेच्या चार पादांत चरकाचार्यांनी उपस्थात्यास स्थान दिले. येथे उपस्थाता म्हणजे आई, पत्नी, भाऊ. त्यांना एक साधी वही करण्यास सांगावे : दिनांक, जुनी मात्रा, नवी मात्रा, झोपेचे तास, जेवण, मलप्रवृत्ती व "आज काय वेगळे वाटले". ही वही तज्ज्ञांकडे व आपल्याकडेही आणावी. शक्य असल्यास बदलाच्या काळात घरातील लग्नकार्य, लांबचा प्रवास, परीक्षा वा नोकरीतील बदल टाळावा.

मात्र वही रुग्णाच्या पाठीमागे लिहू नये. ती त्याची आहे. आतुर हाही चौथा पाद आहे, हे आपण विसरतो व त्याच्यासमोर त्याच्याविषयी तृतीय पुरुषात बोलतो. त्याला विचारावे, "तुम्हाला या औषधाचे काय आवडत नाही?" वजन, सुस्ती, लैंगिक दौर्बल्य यांविषयी तो घरच्यांपुढे बोलत नाही. औषध गुपचूप टाकून देण्याचे कारण पुष्कळदा यातच असते. सन २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही रुग्णास आगाऊ निर्देश देण्याचा व आपला नामनिर्देशित प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार दिला आहे. त्याच कायद्याने मानसिक आरोग्य व्यावसायिकाच्या व्याख्येत मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेदीय पदव्युत्तर पदवीधारकाचा समावेश केला. केवळ बीएएमएस असलेल्या माझ्यासारख्याने आपली मर्यादा यावरूनही ओळखावी.

मदतीच्या जागा वैद्याच्या मेजावर लिहिलेल्या असाव्यात. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस' ही शासनाची निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. राज्यात येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. गोव्यात बांबोळी येथे मनोविकार संस्था आहे. आपल्या जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा बाह्यरुग्ण विभाग कोणत्या वारी असतो, हे एकदा विचारून लिहून ठेवावे. २००४ चा 'देवराई' हा मराठी चित्रपट कुटुंबास पाहण्यास सांगावा. व्याधीची ओळख तो सौम्यपणे करून देतो.

आज तीच माता तोच प्रश्न घेऊन माझ्यापुढे बसली, तर मी नाडी पाहीनच. पण आधी दोन्ही चिठ्ठ्या मागेन, दिनांक जुळवीन, मुलास स्वतःला विचारीन की आत नेमके काय होते आहे. आणि त्यांच्या देखतच तज्ज्ञांना दूरध्वनी लावीन. उत्तर येईपर्यंत एकही गोळी थांबणार नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना पुन्हा बोलावीन. वैद्याचे एवढे काम त्या दिवशी पुरेसे आहे.